खुळखुळ्याचा बॅच नंबर

मेडिकलमधून तापाच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली तरी बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापून येते. नाशिकच्या सराफ बाजारात सोन्याची बांगडी घेतली तर तिच्या आतल्या बाजूला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तिथून थोडं पुढे मेन रोडला या आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी खुळखुळा घ्या. हातात पिशवी पडते, "ताई, सुट्टे द्या ना" एवढं कानावर पडतं आणि व्यवहार संपतो. ना बिल, ना नंबर. घरातली जी वस्तू सगळ्यात आधी तोंडात जाणार, तिचाच माग सगळ्यात आधी पुसला जातो.

हे मला इतकं खुपतं त्याला कारण आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत बावीस वर्षं काढली. वाहनांचे सुटे भाग बनायचे. अमुक लॉटच्या दोन नगांना भेग आहे असा फोन आला, की संध्याकाळच्या आत सांगावं लागायचं: मशीन कुठलं, शिफ्ट कुठली, सळई कुठल्या हीटची म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातली, आणि त्या लॉटचे बाकीचे खोके आत्ता आहेत कुठे. आपल्या स्टोअरला, वाटेत ट्रकमध्ये, की समोरच्यांच्या लाइनवर? माल अडवून ठेवायचे, होल्डचे टॅग लागायचे, रजिस्टरं उघडायची, साहेबांचा आवाज चढायचा. कटकट होती, पण त्या कटकटीतून एक गोष्ट हाडात मुरली. तपासणी कितीही कडक ठेवा, थोडा खराब माल फाटकाबाहेर जातोच. गेलेला माल परत गाठायचा तर त्याचा पत्ता कुठेतरी लिहिलेला हवा.

गाड्यांच्या बाबतीत देशाने हे मान्य केलं आहे. २०१२ पासून वाहन कंपन्यांनी स्वतःहून रिकॉलची पद्धत सुरू केली आणि २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आरटीओत नोंद असते, चासी नंबर असतो, सर्व्हिस सेंटरकडे मालकाचा मोबाइल असतो. म्हणून एखादा पार्ट फुकट बदलून देण्याचा मेसेज गंगापूर रोडवरच्या माणसाला बरोबर येतो. त्याच गाडीत मागे बसलेल्या लेकराच्या हातातलं खेळणं मात्र बेवारस.

पालकांच्या कार्यक्रमांतून हल्ली सांगतात, "वस्तू घेण्याआधी रिकॉलची यादी तपासा." सल्ला चांगला आहे, मी स्वतः तपासते. पण नाशिकमधल्या आईला हे सांगणं म्हणजे कुणी टाकलंच नाही असं पत्र पोस्टात जाऊन शोधायला सांगण्यासारखं आहे. आधी पत्र टाकणाऱ्याला जाब विचारू या, पोस्टाच्या रांगेत आईला मग उभं करू.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, काही वर्षं न्यू जर्सीला होती. परत येताना सामानात बाळाची उंच खुर्ची घेऊन आली. मजबूत, पुसायला सोपी, घडी होणारी. इंदिरानगरला उष्टावण झालं ते त्या खुर्चीत, आजोबांच्या मांडीवर नाही, आणि भाऊ जरा हिरमुसला होता हे सांगायला हरकत नाही. मला जित्याची खोड. बाळाला खाली उतरवल्यावर मी खुर्ची आडवी करून बुडाचा स्टिकर वाचला आणि मॉडेल नंबर मोबाइलवर अमेरिकेतल्या रिकॉलच्या यादीत टाकला. खुर्ची परत मागवलेली निघाली. पाय बसवायच्या खटक्यात दोष होता. भावजय म्हणाली, "वन्सं, रिटायर झालात तरी आता आमच्या खुर्चीलाही टॅग लावणार का?" सगळे हसले, मीही हसले.

भाचीने तिकडे खरेदीच्या वेळी नोंदणीचं कार्ड भरलेलं होतं. तिथे २००८च्या कायद्यानंतर पाळणे, उंच खुर्च्या, बाबागाड्या यांच्यासोबत ते द्यावंच लागतं. कंपनीने त्या कार्डावरच्या पत्त्याला पत्र पाठवलंही असेल. पण त्या पत्त्यावर आता दुसरंच कुटुंब राहत होतं. कंपनीकडे विचारणा केली तर उत्तर आलं की सुटा भाग फक्त अमेरिका आणि कॅनडात मिळेल. वस्तूला समुद्र ओलांडता येतो, इशाऱ्याला येत नाही. आपल्याकडे घरटी एक तरी नातेवाईक परदेशात असण्याचे दिवस आहेत, आणि त्यांच्या बॅगांतून काय काय येतं याचा हिशेब कुणाकडेच नाही.

ते नोंदणीचं कार्ड आलं कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. १९९८ साली शिकागोत एका पाळणाघरात घडीचा पलंग मिटला आणि त्यात मान अडकून दीड वर्षाचंही नसलेलं मूल गेलं. तो पलंग १९९३मध्येच परत मागवलेला होता. पाच वर्षं इशारा दप्तरात पडून राहिला आणि पलंग पाळणाघरात वापरात राहिला. त्या आईवडिलांनी पुढे संघटना उभारून पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांनी कायद्यात कार्ड आलं. तरीही गळती थांबली नाही. फिशर-प्राइस या खेळणी कंपनीच्या रॉक अँड प्ले नावाच्या बाळझोपाळ्याचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१९मध्ये असे सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले. जानेवारी २०२३मध्ये तीच सूचना पुन्हा काढावी लागली, कारण पहिल्या सूचनेनंतरही त्या झोपाळ्यात किमान आठ बाळं दगावली होती. याद्या आहेत, कार्डं आहेत, दंड आहेत, परत मागवलेली वस्तू विकणं तिथे बेकायदा आहे, तरी हे झालं. अशा वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतात आणि पहिल्या मालकाच्या नावावर आलेलं पत्र तिसऱ्या घरापर्यंत पोचत नाही.

आता हेच आपल्या घरांत आणून बघा. आपल्याकडे थोरल्याचं धाकट्याला हा नियमच आहे. पाळणा तर नव्याने कुणी घेतच नाही. तो सिन्नरच्या मावशीकडून येतो, वर्षभराने ओझरच्या चुलत जावेकडे जातो, आणि तो रिकामा हलवायचा नाही म्हणून त्याला बिचाऱ्याला सुट्टीही नसते. या रीतीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यात काटकसर आहे, माया आहे. पण अशा फिरत्या वस्तूला रिकॉलचा निरोप पोचवायचा तर पाकिटावर मालकाचं नाव लिहून भागणार नाही. निरोप वस्तूच्या अंगावरच्या नंबरावरून शोधता आला पाहिजे. आणि आपल्याकडे तो नंबर असतो खोक्यावर. वाढदिवसाच्या संध्याकाळी चमकी कागदाबरोबर खोकाही फाटतो आणि सकाळी घंटागाडीत जातो.

आपल्याकडे कायदा नाही म्हणून हे असं आहे, असा माझाही बरीच वर्षं समज होता. वाचायला बसले तेव्हा उलटंच दिसलं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कारागिरांच्या हातच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे. त्याआधी २०१९मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळणी तपासली तेव्हा जवळपास ६७ टक्के नमुने नापास झाले होते. बीआयएसच्या, म्हणजे आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या, २०१६च्या कायद्यात चिन्हांकित पण सदोष माल परत मागवायला लावण्याची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणलं, आणि कलम २०नुसार धोकादायक वस्तू परत मागवून ग्राहकाला पैसे द्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. बिल न देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. कागदावर काही कमी नाही.

हा अधिकार वापरलाही गेला. ऑगस्ट २०२२मध्ये आयएसआय नसलेले प्रेशर कुकर विकल्याबद्दल प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाखाचा दंड केला आणि विकलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला. तसाच आदेश फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरसाठी झाला. आकडा बघा, २,२६५. अंदाजे दोन हजार नव्हे, बरोबर २,२६५. कारण ऑनलाइन खरेदीत प्रत्येक कुकर कुठल्या दारात उतरला हे लिहिलेलं असतं. मेन रोडवरच्या ज्या दुकानदाराला माझ्या वडिलांचं नाव माहीत आहे, माझ्या लग्नाचं साल माहीत आहे, त्याला मागच्या महिन्यात मला काय विकलं हे सांगता येणार नाही. परका विक्रेता वस्तू ओळखतो, ओळखीचा विक्रेता फक्त माणसं ओळखतो. मला खरेदी त्याच्याकडेच करायची आहे, म्हणून ही तक्रार.

मी एकदा एका दुकानात गाणं वाजवणाऱ्या खेळण्यावरचा आयएसआयचा परवाना नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहिला. परवाना निघाला, पण तो खेळण्यांचा नव्हताच. दुकानदाराला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्याकडे माल वरून येतो." वरून म्हणजे भद्रकालीतल्या होलसेलवाल्याकडून, त्याच्याकडे मुंबईहून, आणि मुंबईला कुठून ते विचारायचं नाही. त्या भल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं की ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६नुसार बनवणारा कोण हेच सांगता आलं नाही, तर सदोष वस्तूने झालेल्या इजेची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. म्हणजे "वरून येतो" हे वाक्य त्याची ढाल नाही, उलट तेच त्याला अडकवणारं आहे. व्यापारी संघटनांनी एवढं एक कलम मराठीत छापून गल्ल्यावर चिकटवलं तरी बरीच बिलं फाडली जातील.

नाशिकचं नाव एका गाजलेल्या प्रकरणात आहे, ते आपण विसरून गेलो. जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नाशिक आणि पुण्यातून घेतले होते. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाला, मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द झाला, माल परत मागवायला सांगितलं. मग जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश अवास्तव कडक म्हणून रद्द केले. नव्याने घेतलेले नमुने मानकात बसले होते. कंपनी बरोबर की प्रशासन, यावर घरोघरी वाद झाले, मला त्यात पडायचं नाही. माझं लक्ष दोन तारखांवर आहे. नमुने २०१८चे, आदेश २०२२चा. न्यायालयानेही या दिरंगाईवर बोट ठेवलं. पावडर निर्दोष असेल तर कंपनीवर चार वर्षं टांगती तलवार, आणि सदोष असेल तर तो डबा केव्हाच संपलेला आणि ते बाळ शाळेत जायला लागलेलं. चार वर्षांनी लागलेला निकाल कुणाच्याच उपयोगाचा नाही. आमच्या कारखान्यात असा निकाल कुणी चार दिवस लांबवला असता तर त्यालाच होल्डवर टाकलं असतं.

आणि याच्या अगदी उलट घडलेलंही आपण पाहिलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपने मध्य प्रदेशात छिंदवाडा भागातली लहान मुलं दगावली. त्यांतल्या कित्येकांवर नागपूरला उपचार चालू होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचचा इशारा काढला आणि दोन दिवसांत तो नंबर सगळ्यांच्या तोंडी झाला. माझ्या सोसायटीतल्या, एरवी बाटलीवरचं नावही न वाचणाऱ्या बायका, फ्रिजमधल्या बाटल्या उजेडात धरून बॅच नंबर वाचत होत्या. कुणी शिकवलं त्यांना? नंबर नेमका होता, मराठीत आला, आणि वाचायची वस्तू हाताशी होती. आपले लोक बेफिकीर आहेत असं जे म्हणतात त्यांनी तो आठवडा आठवावा. पण तेवढ्यासाठी आधी मुलं जावी लागली.

"आम्ही नाही का असल्याच खेळण्यांशी खेळून मोठे झालो?" हा प्रश्न मला घरातच विचारला जातो. नाही, आपण असल्या खेळण्यांशी खेळलो नाही. माझ्याकडे भांडी बाजारातली पितळी भातुकली होती, आजीने केलेली चिंध्यांची बाहुली होती, आणि चालायला शिकले ते लाकडी पांगुळगाडा ढकलत. पांगुळगाड्यात बाळ उभं राहून स्वतःच्या पायांनी ढकलतं; पडलं तर बुडावर पडतं. आजच्या गोल वॉकरमध्ये बाळ बसतं, चाकांवर मोठ्या माणसाच्या हाताला न लागता सुटतं, आणि जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी केली, जुना वॉकर शेजाऱ्याला विकणंसुद्धा त्यात आलं. आणि आमच्या बाहुलीच्या पोटात बटन सेल नव्हता. तो गोल चपटा सेल बाळाच्या अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागी त्यातून वीज वाहू लागते, जाळणारा अल्कली तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजायला लागतं. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूशिवाय नखाने उघडतं ते मी कुणाच्याही घरात दिसलं तरी उचलून वर ठेवते. त्यावरून दोन ठिकाणी माझ्याशी अबोला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कालिकेच्या यात्रेत हातगाडीवर वीस-पन्नास रुपयांची खेळणी विकणाऱ्याने बिल आणि बॅच नंबर ठेवायचा? त्याच्याकडे पिशवीला पैसे नाहीत. इथे माझं मत ठाम आहे: ओझं वर सरकवा. आयातदार आणि होलसेलवाला, हे दोघे मोजके असतात, त्यांना जीएसटी आहे, गोदाम आहे. बॅच नंबर खेळण्याच्या अंगावर उठवणं त्यांचं काम, कुठल्या दुकानाला किती नग दिले याची वही ठेवणं त्यांचं काम. दुकानदाराने छापील बिलावर तोच नंबर उतरवावा, जसा मेडिकलवाला उतरवतो. हातगाडीवाल्याकडून मात्र माल जप्त करून फोटो काढू नयेत. त्याने उरलेले नग परत आणून दिले तर त्याला पैसे मिळावेत. नाहीतर तो ते दुसऱ्या यात्रेत विकेल, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. २०२७च्या सिंहस्थाला गर्दी लोटणार आहे, रस्त्यारस्त्यावर खेळण्यांचे ढीग लागतील. भाविकांच्या पाण्या-शौचालयाच्या बैठका होत आहेत तशी एखादी बैठक होलसेलवाल्यांचीही व्हावी.

ग्राहकाचा मोबाइल नंबर मागणं मला पसंत नाही. एकदा दिला की महिनाभर प्लॉट घेता का म्हणून फोन येतात. नंबराशिवायही निरोप पोचतो. परत मागवलेल्या वस्तूचा फोटो, बॅच नंबर आणि "आणून द्या, पैसे घ्या" एवढं मराठीत लिहिलेला कागद तीन ठिकाणी लागला पाहिजे: जिथून ती विकली गेली त्या दुकानात, महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी, आणि अंगणवाडीत. लसीच्या रांगेत आया तासभर बसलेल्या असतात, भिंतीकडे बघण्याशिवाय त्यांना काम नसतं. आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर मात्र ठेवू नका, कागद लावायला शिपाई पुरे.

पाळणाघरांचं वेगळं सांगायला हवं. सिडकोत, सातपूरला कामगार आयांची मुलं कुणा काकूंच्या दोन खोल्यांत राहतात. काकू जीव लावतात, पण त्यांच्याकडचे पाळणे, वॉकर, खेळणी सगळी लोकांनी दिलेली, पोरं मोठी झाली म्हणून सोडून गेलेली. शिकागोतला पलंग अशाच जागी होता. एका घरात धोक्याची वस्तू एका मुलासाठी असते, इथे तीच आळीपाळीने दहा मुलांसाठी. मी एका पाळणाघरात दुपारभर बसून सगळं उलटंपालटं करून पाहिलं. एकाही वस्तूवर वाचता येण्यासारखा नंबर नव्हता, सगळे स्टिकर वर्षानुवर्षं ओल्या फडक्याने पुसून गेलेले. तपासायचं तर काय तपासायचं?

तोवर घरी जमेल तेवढं मी करते आणि इतरांना सांगते. खोका फाडण्याआधी त्याच्या चारही बाजूंचा आणि बुडाच्या स्टिकरचा फोटो काढायचा. वस्तू पुढे देताना फोटोही पुढे पाठवायचा. बिल मागायचं, "कशाला, विश्वास नाही का" म्हटलं तरी मागायचं. परदेशी वस्तू असेल तर मॉडेल नंबर त्या देशाच्या यादीत टाकून पाहायचा. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाची आणि युरोपची यादी कुणालाही फुकट बघता येते. काही बिनसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा, दुकानाशी नुसतं भांडून परत यायचं नाही. आपण भांडून खेळणं बदलून आणतो आणि तेच खेळणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या बाळाला विकलं जातं.

ती खुर्ची चार महिने भावाच्या माळ्यावर होती. टाकवत नव्हती, अमेरिकेहून आलेली, महागाची. मधेच निफाडहून भावजयीच्या भावाचा फोन आला की त्यांच्या बाळाला सहावा लागला, खुर्ची पडून असेल तर पाठवा. भाची म्हणाली, "आत्या, मला त्यांना नाही म्हणता येणार नाही, तूच काहीतरी कर." मी गेले, पट्टे कापले, मार्करने पाठीवर "वापरू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खालून चाललेल्या भंगारवाल्याला हाक मारली. त्याने खुर्ची उलटसुलट करून बघितली. "चांगली तर आहे ताई," म्हणाला. मी त्याला खटका दाखवला, पाय कसा निसटतो ते दाखवलं. त्याने मान डोलावली, वीस रुपये दिले, आणि खुर्ची भंगाराच्या ढिगात न टाकता हातगाडीवर पुढच्या बाजूला, सरळ उभी करून ठेवली. मी पुन्हा खाली उतरले आणि त्याच्याकडून पाना मागून घेतला.